चौतीस नावांची यादी आणि गुलाबी बडीशेप

पत्र थोडक्यात: सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला गेल्या. जुलैत नात झाली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्या परत निघतील. येताना सगळ्यांसाठी काय आणायचं, यावरून सध्या मायलेकींत रोज खटके उडताहेत. यादीत चौतीस नावं आहेत. जावा, नणंद, विहीणबाई, वेंगुर्ल्याचा भाऊ, भिशीतल्या अकराजणी, मागे झाडांना पाणी घालणारे शेजारचे काका, कामाच्या मावशी. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी विमानतळावरून चॉकलेटं आणली होती. दिवाळीच्या फराळाला मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही तर आता आपल्या मॉलमध्येपण मिळतात." ते अजून सलतंय. या वेळी 'खास डच' न्यायचं म्हणून त्यांनी पवनचक्कीचे वीस मॅग्नेट घेतले, तर लेक हसली. तिचं म्हणणं, मुख्य आठ घरांना डेल्फ्ट गावच्या निळ्या बशा घेऊ, पैसे मी भरते. लेकीच्या पैशाने आपली नाती सांभाळणं ताईंना पटत नाही. खर्च पेन्शनमधून करायचा आहे, तेवीस किलोची एकच बॅग आहे आणि कुणाला कमीजास्त वाटायला नको आहे. "काय आणू म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

आधी नातीबद्दल मनापासून आनंद. लेकीची तब्येत सुधारतेय, बाळ अंगावर नीट पितंय, हे वाचून बरं वाटलं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्याच पानावरच्या एका वाक्याशी अडले. यादी सुरू व्हायच्या आधी तुम्ही सहज लिहून गेलात की बाळ झाल्यावर घरी येणाऱ्या नर्सबाईंनी टोस्टला लोणी लावलं, वर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पसरल्या आणि सगळ्यांच्या हातात एकेक टोस्ट दिला. "गंमत वाटली," एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात, आणि दुसऱ्या पानावर तक्रार केलीत की इथे न्यायला खास काही दिसत नाही.

अहो, तुमची भेटवस्तू त्या टोस्टवर होती.

त्या गोळ्यांना तिथे 'मॉइश्येस' म्हणतात, म्हणजे छोटे उंदीर. आत अनीसचा दाणा असतो, आपल्या बडीशेपेचीच बहीण म्हणावी असा. त्याला साखरेचा थर दिलेला असतो, आणि दाण्याचं देठ बाहेर राहिलं की ते शेपटीसारखं दिसतं, म्हणून उंदीर. घरात मूल जन्मलं की बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हा टोस्ट द्यायचा, ही तिथली जुनी रीत. पूर्वी गुलाबी-पांढऱ्या गोळ्याच असायच्या. मुलग्यासाठी निळ्या 1994 मध्ये आल्या. राजघराण्यात बाळ जन्मलं तेव्हा नारिंगी काढल्या होत्या, 1938 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये. अनीस का, तर बाळंतिणीला दूध चांगलं येतं असा समज. आता सांगा, तुम्ही सांगलीहून जाताना बॅगेत बाळंतशोपा नेला होतात की नाही? जेवण झाल्यावर लेकीच्या तळहातावर चिमूटभर ठेवत होतात की नाही? त्या नर्सबाई आणि तुम्ही एकाच खोलीत एकच काम करत होतात.

मुलगी झाली की आपल्याकडे बर्फी नाहीतर जिलबी वाटतात. नात तिकडे झाली, त्यामुळे तुमची बर्फी वाटायची राहिलीच असेल. मग या गुलाबी मॉइश्येस घेऊन जा. डबे हलके, सुपरमार्केटात मिळणारे, पेन्शनीला न जड होणारे. सांगलीला गेल्यावर चौतीस छोट्या पुड्या बांधा. तिथले गोल टोस्ट नेऊ नका, त्यांचा वाटेत भुगा होईल. आपल्या बेकरीतला साधा टोस्ट आणि घरचं लोणी पुरे. पुडी हातात देताना सांगायचं, "तिकडे मूल झालं की हे वाटतात." जाऊबाईंना द्यायची तीच पुडी, कामाच्या मावशींना तीच, काकांना तीच. तुम्हाला सगळ्यांना सारखं द्यायचं होतं ना? बारशाच्या घुगऱ्यांत कुणी कमीजास्त मोजत नाही. इथेही कुणी मोजणार नाही.

म्हणजे यादीचा धाक संपला. आता उरलेल्या बॅगेचा विचार मोकळ्या मनाने करता येईल. जाताना त्या बॅगेत डिंक, आळीव, खारीक, मेथ्या, बाळाची लंगोटं आणि दुपटी होती. तेवढी जागा आता रिकामी आहे.

ती भरण्याआधी तुमच्या प्रश्नाशी थोडं थांबू या. "काय आणू म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही?" अशी वस्तू कुठल्याच देशात मिळत नाही, हे तुम्हीही जाणता. चॉकलेटांना नावं ठेवणाऱ्याने उद्या बशीलाही ठेवली असती. पण जाऊबाईंच्या त्या वाक्याकडे मी वेगळ्या बाजूने बघते. त्या दुखावून बोलल्या, सगळ्यांसमोर बोलल्या, ते चुकलंच. तरी त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. ती चॉकलेटं तुम्ही कुणासाठी म्हणून घेतली नव्हती. निघायच्या दिवशी, विमानाची घाई असताना, नगाला नग म्हणून घेतली होती. घेणाऱ्याला ते कळतं. मॅग्नेटचंही तेच होणार होतं. शिवाय पवनचक्कीचे बहुतेक मॅग्नेट प्रवाशांना विकण्यासाठीच बनतात. तिथल्या कुठल्या आजीच्या फ्रिजवर ते लावलेले तुम्हाला दिसले का? घेतलेत तर असू द्या, भिशीच्या पोरांना खेळायला होतील. आणखी मात्र घेऊ नका.

'खास डच' या शब्दाचंही ओझं थोडं कमी करा. डेल्फ्टची निळी भांडी म्हणजे डचांची ओळख, असं आपण मानतो. त्यांची सुरुवात मात्र चिनी मातीच्या भांड्यांची नक्कल म्हणून झाली. 17 व्या शतकाच्या मध्यावर चीनमध्ये राजवट कोसळली, तिकडून येणारा माल आटला, आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी आपल्या मातीवर कथिलाचा पांढरा लेप देऊन तशी निळी-पांढरी भांडी काढायला सुरुवात केली. त्या काळी डेल्फ्टमध्ये असे तीसेक कारखाने होते. त्यांतला 1653 मध्ये सुरू झालेला एकच आजही चालू आहे. ट्यूलिप तुर्कस्तानातून आलं. दालचिनी, लवंग, जायफळ तर आपल्याच समुद्रातून गेलं. तेव्हा अमकं शुद्ध तिथलं आहे का, हे शोधत बसण्यापेक्षा तिथलं माणूस रोज हातात काय धरतं ते बघा. तुम्ही अडीच महिने एका घराच्या स्वयंपाकघरात राहिल्या आहात. चार दिवसांच्या पर्यटकाला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसलेलं आहे.

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं तिकडेच, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला होता. मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला मीही दुकानांतून दमून भागून फिरले. दुसऱ्या खेपेला त्याच्या शेजारच्या आजींनी मला चहाला बोलावलं. दह्याची बाटली संपत आली होती. आपण पाणी घालून खळखळवतो, तसं त्यांनी केलं नाही. ओट्याच्या खणातून एक लांब काडीसारखी वस्तू काढली. टोकाला अर्धचंद्रासारखा रबराचा तुकडा, एक कड सरळ, दुसरी गोल. ती बाटलीत घालून त्यांनी सरळ कडेने भिंत निपटली, गोल कडेने बूड फिरवलं, आणि वाटीत चांगलं तीन चमचे दही निघालं. मला बघून त्या हसल्या. त्या वस्तूचं नाव 'फ्लेसनलिकर', म्हणजे बाटली चाटणारा. तिथे दाट दुधाचं कस्टर्ड काचेच्या बाटल्यांतून विकायचे, त्या काळात ती घरोघरी आली. मी चार आणल्या. एक आमच्या आईला दिली. तिने कैरीच्या लोणच्याच्या बरणीचा तळ निपटून खार काढला, वाटीत धरून मला दाखवला, आणि पुढे ती वस्तू कुणाला हात लावू दिली नाही. काटकसर हा डचांचा आणि आपला सारखाच गुण. तुमच्या नणंदेकडे वर्षाची लोणची असतात असं तुम्ही लिहिलंय. घरगुती वस्तूंच्या कुठल्याही दुकानात विचारा, थोड्या पैशांत मिळेल.

मोठ्या जाऊबाईंविषयी मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त जागा त्यांनीच घेतली आहे. त्या दुबईहून आल्या तेव्हा त्यांनी काय काय वाटलं, याची तुम्ही उतरवलेली यादी मी वाचली. त्याच परिच्छेदात एक ओळ आहे, "तशा त्या हाताने गुणी आहेत, पुतण्यांच्या सगळ्या मुलांना गोधड्या त्यांनीच शिवल्या." तुमच्या नातीलाही शिवतील ना? मग त्यांना कापड न्या.

डच भाषेत छापील फुलांच्या सुती कापडाला 'सिट्स' म्हणतात. हा शब्द आपला 'चीट', हिंदीतली छींट. डच कंपनीची जहाजं 17 व्या शतकापासून कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून ही रंगीत चीट भरून न्यायची. तिकडच्या बायकांना तिचं इतकं वेड लागलं की उत्तरेकडे फ्रीसलंडमधल्या हिंडेलोपन गावात बायकांचे पारंपरिक लांब अंगरखे चिटाचे झाले. आजही गोधडीकाम करणाऱ्यांसाठी तिथे वेगळी दुकानं असतात, आणि जुन्या डच चिटांच्या नमुन्यांवर छापलेलं सुती कापड तिथे मीटरवर मिळतं. लाल जमिनीवर वळणावळणाची वेल, मध्ये डाळिंबासारखं फूल. दीड-दोन मीटर घ्या. जाऊबाईंना सांगा, हे आपल्याकडचं तिकडे गेलं होतं, तुमच्या हातात द्यायला परत आणलंय, बाळाच्या गोधडीला वापरा. त्यांच्या दुबईला हे उत्तर नाही, आणि उत्तर द्यायची गरजही नाही. ज्या कामात त्या सगळ्यांत पुढे आहेत ते काम तुमच्या लक्षात राहिलं, एवढं त्यांना कळेल. चार वर्षांत ते त्यांना कुणी म्हटलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

विहीणबाईंची भेट नाजूक असते, तेही ओळखून आहे. त्यांना तिकडे यायला जमलं नाही, तुम्ही नातीला आंघोळी घातल्या. त्यांच्या मनात थोडी हुरहुर असणारच. आइंडहोव्हनच्या अगदी जवळ न्यूनेन नावाचं गाव आहे. व्हॅन गॉग 1883 ते 1885 तिथे राहिला, बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं त्याचं प्रसिद्ध चित्र तिथलंच. मला मात्र तुमच्यासाठी त्याचं दुसरं चित्र आठवतंय, बदामाच्या फुलांचं. निळ्या आभाळावर पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या फांद्या. 1890 च्या जानेवारीत त्याच्या भावाला मुलगा झाला. त्या पुतण्यासाठी त्याने फेब्रुवारीत हे चित्र काढलं. बदाम ऐन थंडीत, इतर झाडांच्या आधी फुलतो. या चित्राची छापील प्रत सहज मिळते, नळकांड्यात गुंडाळून नेता येते. ते मूळ चित्र एका बाळाच्या जन्मासाठी काढलं होतं, हे मागे दोन ओळींत लिहा. सोबत बाळाच्या पायाचा शाईचा ठसा एका कागदावर घ्या. नागपूरला विहीणबाईंच्या घरी ती चौकट भिंतीवर लागेल.

आता डेल्फ्टच्या बशांचं. आठ घरांना आठ बशा, हा बेत मला पटला नाही. पैशांपेक्षा दुसरंच कारण आहे. खरी हाताने रंगवलेली बशी महाग असते, म्हणून आठ घ्यायच्या तर छापील घेतल्या जातात, आणि त्या आठ घरांच्या शोकेसमध्ये वरच्या फळीवर जाऊन बसतात. त्यापेक्षा एकच घ्या, छोटी फरशी नाहीतर वाटी, आणि ज्याला चित्रकलेत गोडी आहे अशा एकालाच द्या. घेताना उलटी करून बघा. 1653 च्या त्या जुन्या कारखान्याच्या मालावर मागे हाताने काढलेली बाटलीसारखी खूण, रंगवणाऱ्याची अक्षरं आणि 'डेल्फ्ट' हे नाव असतं. 'डेल्फ्ट ब्लू' एवढं नुसतं छापलेलं असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढची बाजू उजेडाकडे तिरकी धरा. हाताच्या कामात निळा रंग एकाच रेघेत दाट-फिका होत जातो, कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला ते दिसतं. छापील नक्षीत बारीक ठिपके दिसतात, सगळीकडे एकसारखे. मी हे काम डेल्फ्टला जवळून बघितलंय. कोबाल्टचा रंग लावताना काळाच असतो, निळेपणा भट्टीतून बाहेर आल्यावर येतो. रंगवणारी बाई काळ्यात काढते आणि मनात निळं बघते.

खरेदी मोठी असेल तर तुमच्या नावावर करा. तुम्ही तिथे पाहुण्या आहात, युरोपबाहेर राहता, त्यामुळे एका दुकानात एका दिवशी 50 युरोंच्या वर खरेदी केली आणि तसा फॉर्म दुकानातून घेतला तर विमानतळावर कस्टमचा शिक्का घेऊन विक्रीकराचा काही भाग परत मिळतो. लेक तिथली रहिवासी, तिला तो मिळत नाही. वस्तू न वापरलेली असावी लागते आणि शिक्का घेताना दाखवावी लागू शकते, म्हणून मोठी बॅग विमानतळावर जमा करण्याआधी हे काम उरका.

खाण्याच्या जिन्नसांत आपल्या घरांच्या पद्धतीप्रमाणे थोडं जपावं लागतं. तुमच्या नणंदबाई अंडंही खात नाहीत, म्हणून हे लिहिते, बऱ्याच वाचकांच्या घरी हीच अडचण असते. पाकिटामागचं बारीक अक्षर लेकीकडून वाचून घ्या. अंड्याचा डच शब्द इंग्रजी ई आणि आय या दोनच अक्षरांचा आहे, नजरेतून सुटतो. जिलेटिन जनावरापासून काढतात, आणि तिथल्या चघळायच्या गोळ्यांत ते सर्रास असतं. ई 120 असा आकडा दिसला तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला आहे. हे मॉइश्येसच्या डब्यावरही वाचून घ्या. चीज करताना दूध विरजायला पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. शाकाहारी रेनेटचंही मिळतं, तसं पाकिटावर लिहिलेलं असतं, दुकानदाराला विचारायला संकोच करू नका.

काळ्या गोळ्या, 'ड्रॉप', तिकडे लहानथोर खातात. मूळ चव ज्येष्ठमधाची, म्हणून तुम्हाला वाटेल की आपल्याकडे आवडतील. पण खारट जातीच्या ड्रॉपमध्ये नवसागर असतो, कल्हईवाला भांड्याला लावतो तोच. मुलांनी एक तोंडात टाकून लगेच थुंकलेली मी पाहिली आहे. मुलांसाठी 'हाखलस्लाख' न्या. या नावाचा अर्थ गारांचा मारा. चॉकलेटचे बारीक दाणे असतात, डच मुलं सकाळी लोणी लावलेल्या पावावर पसरून खातात. त्यातही कोको कमी असलेला स्वस्त प्रकार असतो, त्याच्या नावात 'चॉकलेट'ऐवजी 'कोको-फँटसी' अशा अर्थाचा शब्द असतो. तो सोडून दुसरा घ्या.

स्ट्रोपवाफल तुम्ही खाल्ल्याच असतील. खाउडा गावची ही गोष्ट, आपण ज्याला गौडा म्हणतो तेच गाव. दोन पातळ जाळीदार चकत्या, मध्ये दालचिनी घातलेला दाट पाक. त्या अकराजणींना वेगवेगळी पाकिटं वाटू नका. भिशी तुमच्या घरी घ्या. चहा चांगला वाफाळता ठेवा, आणि प्रत्येकीच्या कपावर झाकणासारखी एकेक स्ट्रोपवाफल ठेवा. कपाचं तोंड चकतीपेक्षा लहान हवं, नाहीतर ती चहात पडेल. आपले चहाचे कप बेताचे असतात, ते बरोबर बसतात. दोनेक मिनिटांत खालून वाफ लागते, पाक सैल होतो, चकती मधोमध थोडी खचते आणि दालचिनीचा वास सुटतो. तेव्हा उचलून खायची. अकराजणी झाकण उचलून वास घेताहेत आणि तुम्ही नातीचे फोटो दाखवताय, अशी भिशी वर्षभर लक्षात राहील.

आता कामाच्या मावशी. यादीत त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी आहे आणि पुढे कंसात "उरेल ते" लिहिलंय. ताई, तुम्ही नसताना तुमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांचं नाव वर घ्या. स्ट्रोपवाफल पत्र्याच्या डब्यातही मिळते, निळ्या नक्षीच्या, घट्ट झाकणाच्या. तो डबा मावशींना द्या. खाऊ आठ दिवसांत संपेल, डबा वीस वर्षं टिकेल, आणि चांगल्या डब्याची किंमत आपल्या बायकांना सांगावी लागत नाही.

शेजारच्या काकांसाठी ट्यूलिपचे कंद न्यायचं तुमच्या मनात आहे. नका नेऊ. कंद, बिया, रोपं भारतात आणायला आयात परवाना आणि तिकडच्या अधिकाऱ्यांचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नियम आपल्या शेतीच्याच भल्याचे आहेत. परदेशी कंदाबरोबर एखादी कीड सांगलीच्या मातीत उतरली तर भोगायचं कुणी? शिवाय ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी तीनेक महिने कडक थंडी लागते. काका बिचारे रोज पाणी घालतील आणि वाट बघत बसतील. त्यांना तिथलं हाताने घडवलेलं छोटं खुरपं न्या, लाकडी मुठीचं. ते मोठ्या बॅगेतच ठेवा, हातातल्या बॅगेत अडवतील. लाकडी बूट, ते क्लोम्पन, मोहात पाडतात खरे, पण पॉप्लरच्या लाकडाची ती जोडी जागा फार खाते आणि घालणार कुणी नाही.

वेंगुर्ल्याच्या भावासाठी मात्र चीज न्याच. तुमच्या माहेरच्या गावात डचांच्या 17 व्या शतकातल्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, लहानपणी तुम्ही तिथे खेळला असाल. तिकडे फ्रीसलंडमध्ये 'नाखलकास' नावाचं चीज करतात, त्यात लवंगा असतात. नाखल म्हणजे खिळा, लवंगेच्या आकारावरून आलेलं नाव. आणि लायडनकडचं चीज जिऱ्याचं. जिऱ्याचं चीज मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा दाताखाली जिरं फुटलं आणि एकदम घरची फोडणी आठवली. किसून गरम थालीपिठावर घातलं तर लोण्याची आठवण होत नाही. मुरलेलं, कठीण चीज घ्या, हवाबंद पाकीट करून मागा, मऊ ताजं नको, ऑगस्टच्या मुंबईतून सांगलीपर्यंत ते टिकायचं नाही. आपल्या कस्टमच्या फॉर्मवर दुधाचे पदार्थ आणि बी-बियाणं यांच्याबद्दल प्रश्न असतो, त्याला खरं उत्तर लिहा.

राहिला लेकीच्या पैशांचा प्रश्न. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं, अशा वळणात आपण वाढलो. ते वळण वाईट म्हणणार नाही, त्याने तुम्हाला ताठ ठेवलं. पण ती बशांचे पैसे का देऊ बघतेय, याचा विचार केलात का? तुम्ही बाळंतपणात तिचं अंग चोळलंत, रात्री बाळ घेऊन येरझाऱ्या घातल्यात. ते फेडता येत नाही हे तिला कळतं, आणि म्हणून कुठेतरी, कशात तरी तिला पैसे घालायचेत. तुमच्या नात्यांच्या भेटींना तुम्हीच पैसे द्या, त्यात अवघडायचं काही नाही. तिला मात्र तुमच्यासाठी एक वस्तू घेऊ द्या. चौतीस नावांत तुमचं नाव कुठेच नव्हतं.

ती कुठली घ्यावी, हे मी सुचवते. तिथे प्रत्येक घरात वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, बहुधा संडासाच्या दारामागे टांगलेलं. तुम्ही पाहिलं असेल आणि चमकला असाल. त्यात वार नसतात, साल नसतं, नुसते महिने आणि तारखा. एकदा नावं लिहिली की वर्षानुवर्षं चालतं. मूल झालं की त्याचं नाव चढतं, माणूस गेलं तरी नाव खोडत नाहीत असं भावाच्या शेजारच्या आजींकडे मी पाहिलं. तसं एक कॅलेंडर लेकीला घ्यायला सांगा, आणि बाळ झोपलं की दोघी मिळून भरा. जुलैच्या पानावर नात. मग जाऊबाई, नणंद, विहीणबाई, काका, मावशी. मावशींची तारीख माहीत नसेल तर घरी गेल्यावर विचारून घ्या. सांगलीला ते तुम्ही दिवाणखान्यात लावा, नाहीतर देवघराशेजारी.

आणि एक दिवस बाहेर पडा. खाउड्याचा चीज बाजार एप्रिल ते ऑगस्ट दर गुरुवारी सकाळी भरतो, 15 व्या शतकातल्या नगरभवनाच्या चौकात. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांच्या हातावर टाळ्या देत भाव पुकारतात. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेच इथे उघड्यावर आणि आवाज करून. आइंडहोव्हनहून आगगाडीने साधारण सव्वा-दीड तास लागतो. बाजार दुपारी लवकर आटोपतो, म्हणून सकाळची गाडी धरा. बाबागाडीसाठी डब्यात वेगळी जागा असते. पाऊस आला तर बाळाच्या गाडीवर घालायचं प्लास्टिकचं आवरण लेकीकडे असेलच, ते विसरू नका.